वाढत्या अंगाची मोटारसायकल

मुलांचे कपडे खरेदी करताना 'वाढत्या अंगाचे घ्या' असे दुकानदाराला सांगण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. सदऱ्याची बाही दोन बोटे लांब असली किंवा विजार कमरेला सैल बसली, तरी कोणी हरकत घेत नाही. वर्षभरात मुलाचे अंग भरेल आणि कपडा नीट बसेल, असा त्यामागे हिशेब असतो. हा हिशेब काटकसरीचा आहे आणि कपड्यांच्या बाबतीत तो योग्यही आहे. कारण सैल सदरा घातल्याने कोणाचा हात मोडत नाही. मात्र हाच हिशेब मुलाच्या पहिल्या मोटारसायकलीला लावला, तर त्याची किंमत फार वेगळ्या प्रकारे मोजावी लागते.

नोकरीनिमित्त फरिदाबाद, गुरुग्राम, नोएडा या भागांत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मोटारसायकल मागते; तीही रस्त्यावरची नव्हे, तर चिखल, वाळू आणि टेकड्या तुडवणारी. हे आकर्षण नवलाचे नाही. राजधानीचा हा परिसर दुचाकींच्या कारखान्यांचाच परिसर आहे. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत फरिदाबादची. यामाहाचा कारखाना सूरजपूरला, होंडाचा मानेसरला, सुझुकीचा गुरुग्रामला आणि हिरोचा धारुहेड्याला. ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी ही जागतिक शर्यत झाली. अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत मोटारसायकल भरली नाही, तरच आश्चर्य.

मुलाची मागणी ऐकताच काही पालक ती धुडकावून लावतात, तर काही जण दुसऱ्याच दिवशी दुकानाची पायरी चढतात. दोन्ही वाटा विचार टाळणाऱ्या आहेत. 'कोणती गाडी घ्यावी?' हा प्रश्न खरे तर शेवटचा आहे. त्याआधी 'ती कोठे चालवणार?', 'शेजारी कोण उभे राहणार?' आणि 'मुलाचे शरीर व मन त्यासाठी तयार आहे का?' या तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ४ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. याला एकच अपवाद आहे. इंजिनाची क्षमता ५० सीसीपेक्षा जास्त नसलेली मोटारसायकल सोळा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला परवाना घेऊन चालवता येते. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणलेली लुना याच वर्गातली होती. महाविद्यालयात जाणाऱ्या एका संपूर्ण पिढीने तिच्यावरून प्रवास केला. आज ५० सीसीची पेट्रोल दुचाकी बाजारात जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे हा अपवाद कागदावर असला, तरी त्याचा प्रत्यक्ष उपयोग फारसा उरलेला नाही. शिवाय तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तो लागूच होत नाही.

२०१९ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कलम १९९-अ नव्याने आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो टाळण्यासाठी आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. ते सिद्ध न झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीची धडक बसून दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणे हा घरगुती कौतुकाचा विषय नाही, हे त्या घटनेने महाराष्ट्राला फार कठोरपणे शिकवले.

मग आडवाटेच्या मोटारसायकली विकल्या कशा जातात? कायद्यातील 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच याचे उत्तर आहे. केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले विशेष प्रकारचे वाहन या व्याख्येतून वगळलेले आहे. निव्वळ मातीवर चालवण्यासाठी बनवलेल्या मोटारसायकलीला दिवे नसतात, भोंगा नसतो, आरसे नसतात आणि नोंदणी क्रमांकही नसतो. ती बंदिस्त मैदानापुरतीच असते. घरापासून मैदानापर्यंत ती चालवत नेता येत नाही. टेंपोत चढवून, दोरांनी बांधून न्यावी लागते. गल्लीच्या टोकापर्यंत 'एकच चक्कर' मारणे हेसुद्धा कायद्याचे उल्लंघनच ठरते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांविषयीही गैरसमज आहे. 'बॅटरीची गाडी आहे, परवाना लागत नाही,' असे सर्रास ऐकू येते. ही सवलत २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असलेल्या वाहनांपुरती आहे. टेकडी चढणारी जोरकस विद्युत मोटारसायकल आवाज करत नाही, म्हणून ती खेळणे ठरत नाही.

जागेचा शोध

राजधानीच्या परिसरात मोकळी जागा दिसली, की ती कोणाचीच नाही असा समज होतो. गुरुग्राम आणि फरिदाबादच्या कडेने पसरलेल्या अरवलीच्या टेकड्या आणि यमुनेच्या पात्रालगतचा खादर, या दोन जागा मुलांना सर्वांत आधी आठवतात. परंतु कायद्याच्या भाषेत लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली प्रत्येक जागा, मग ती वाहतुकीची वाट असो वा नसो, 'सार्वजनिक स्थान'च असते. टेकडीवरची पायवाटही तशीच.

कायदा बाजूला ठेवला, तरी आणखी एक विचार उरतो. अरवली ही जगातील अत्यंत प्राचीन पर्वतरांगांपैकी एक असून राजस्थानकडून येणाऱ्या धुळीला ती काही प्रमाणात अडवते. तिच्यातील फटी-भेगांतून पावसाचे पाणी भूगर्भात उतरते. खाणींनी तिची इतकी चाळण केली, की २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या पट्ट्यातील खाणकाम थांबवावे लागले. दिल्लीच्या दक्षिण सीमेवरील असोला भट्टी अभयारण्यात बिबट्याचा वावर आहे. अशा जमिनीवर खोल नक्षीचे टायर फिरले, की कोवळी झुडपे उपटली जातात, माती सुटते आणि पुढच्या पावसात तेथे घळ पडते. खादरात तर शेतकऱ्यांच्या भाजीपाल्याच्या वाड्या असतात. एखाद्याच्या खेळासाठी दुसऱ्याची पालकाची वाफे तुडवली जाणे कोणत्याही न्यायात बसत नाही.

म्हणून योग्य जागा म्हणजे मालकाची स्पष्ट परवानगी असलेले, कुंपण घातलेले खासगी मैदान किंवा प्रशिक्षकांच्या देखरेखीखालील सरावाचे केंद्र. अशी जागा नियमितपणे मिळत नसेल, तर गाडी घेण्याचा विचार तेथेच थांबवणे शहाणपणाचे ठरते. वर्षातून दोनदा हात लागणारी मोटारसायकल शिकवत काहीच नाही; फक्त मोह जागा ठेवते.

सीसीचा आकडा आणि इंजिनाचा स्वभाव

जागेचा प्रश्न सुटल्यावर गाडीकडे वळता येते. आडवाटेच्या मोटारसायकलीचे मुख्यतः दोन वर्ग आहेत. एक 'मोटोक्रॉस' या शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांचा आणि दुसरा सराव व भटकंतीसाठी बनवलेल्या 'ट्रेल' गाड्यांचा. दुकानात शेजारी शेजारी उभ्या असल्या, तर त्या सख्ख्या बहिणी वाटतात. मात्र त्यांचे स्वभाव भिन्न असतात.

हा फरक समजण्यासाठी इंजिनाची थोडी माहिती हवी. चार-स्ट्रोक इंजिनात इंधनमिश्रित हवा आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे दट्ट्याच्या चार हालचालींत होतात. टू-स्ट्रोक इंजिन हीच कामे दोन हालचालींत उरकते. त्यामुळे तेवढ्याच आकाराचे टू-स्ट्रोक इंजिन हलके आणि अधिक जोरकस असते. तथापि शर्यतीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा जोर सारखा येत नाही. सुरुवातीला ते शांत वाटते आणि एका ठरावीक गतीनंतर एकदम उसळते. सराईत चालकाला ती उसळी हवी असते. नवशिक्याच्या हातून मात्र त्याच क्षणी गाडी सुटते.

कावासाकी कंपनीच्या दोन गाड्यांचे उदाहरण घेता येईल. केएक्स ६५ ही ६५ सीसीची टू-स्ट्रोक शर्यतीची गाडी असून तिचे वजन सुमारे ६० किलो आहे. केएलएक्स ११० ही सुमारे ११२ सीसीची चार-स्ट्रोक ट्रेल गाडी असून तिचे वजन सुमारे ७६ किलो आहे. केवळ आकडे पाहिले, तर ६५ सीसीची गाडी लहान मुलाची आणि ११० सीसीची मोठ्या मुलाची वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. पहिलीचा क्लच हाताने सांभाळावा लागतो आणि तिचा जोर अंगावर येतो. दुसरीचा क्लच आपोआप काम करतो, गिअर चारच आहेत आणि तिचा वेग हळूहळू वाढतो. नवशिक्या मुलाला दुसरीच शिकवू शकते. सीसी हा आकडा इंजिनाचा आकार सांगतो. त्याचा स्वभाव सांगत नाही.

माप कसे घ्यावे?

चपलेसारखेच मोटारसायकलीचेही माप पायाशी सुरू होते. मुलाला सरावाचे जाड बूट घालून गाडीवर बसवावे. दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीवर नीट टेकले पाहिजेत. केवळ अंगठ्यांची टोके टेकत असतील, तर गाडी उंच आहे. सपाट रस्त्यावर एवढ्याने निभावते. खडबडीत जमिनीवर मात्र पाय ठेवावा तेथे नेमका खड्डा असतो. केएलएक्स ११० च्या आसनाची उंची सुमारे ६८० मिलिमीटर आहे, तर केएक्स ६५ ची सुमारे ७६० मिलिमीटर. आठ सेंटिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पाय टेकवताना तोच निर्णायक ठरतो.

दुसरे माप हाताचे. हँडलची मूठ न सोडता मुलाची बोटे ब्रेकच्या आणि क्लचच्या दांडीपर्यंत सहज पोचली पाहिजेत. तिसरे माप वजनाचे. गाडी जमिनीवर आडवी करून ती मुलाला उचलायला सांगावी. सरावात गाडी दिवसातून दहा वेळा पडते. ती ज्याला स्वतः उभी करता येत नाही, त्याच्यासाठी ती जड आहे. पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलाला ७६ किलोची गाडी थोड्या युक्तीने उचलता येते. रस्त्यावर आणि मातीवर अशा दोन्ही ठिकाणी चालणारी हिरो एक्सपल्स २०० ही गाडी दीडशे किलोंहून जड, म्हणजे त्या मुलाच्या तिपटीहून अधिक भरते आणि तिच्या आसनाची उंची ८२० मिलिमीटरच्या पुढे जाते. ती प्रौढांसाठी बनवलेली, नोंदणी लागणारी मोटारसायकल आहे. 'अंगापेक्षा बोंगा मोठा' ही म्हण अशा वेळी अक्षरशः खरी ठरते.

येथेच वाढत्या अंगाचा हिशेब आड येतो. 'अजून दोन वर्षांनी उंची वाढेल, मग आताच मोठी घेऊ,' असे पालक म्हणतात. ती दोन वर्षे मूल भीत भीत गाडी चालवते, किंवा भीती लपवण्यासाठी ती वेगात चालवते. दोन्ही अवस्थांत ते शिकत नाही. योग्य मापाच्या गाडीवर चुका लहान होतात आणि लहान चुकांतूनच कौशल्य घडते.

जुनी, रस्त्यावरची मोटारसायकल सोलून तिची डर्ट बाइक बनवून देणारे कारागीरही अनेक ठिकाणी भेटतात. ही वाट स्वस्त वाटते. परंतु अशा गाडीचा सांगाडा आणि शॉक ॲब्सॉर्बर उड्यांसाठी बनवलेले नसतात. यामाहा आरएक्स १०० सारख्या हलक्या समजल्या जाणाऱ्या गाडीचे वजनही शंभर किलोंच्या आसपास भरते. पहिल्या गाडीच्या बाबतीत ही वाट टाळलेलीच बरी.

संरक्षण आणि सराव

एकूण खर्चाचा अंदाज बांधताना गाडीच्या आधी संरक्षक साहित्याचे पैसे बाजूला काढावेत. हनुवटी झाकणारे, डोक्यावर घट्ट बसणारे हेल्मेट, धुळीपासून बचाव करणारा चष्मा, घोट्याच्या वरपर्यंत येणारे कडक बूट, गुडघा व कोपराची कवचे, छातीचे कवच आणि हातमोजे एवढे साहित्य किमान आवश्यक आहे. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह असलेल्या हेल्मेटचीच विक्री करता येते. बूट आणि कपडे एक वेळ किंचित मोठे चालतील. हेल्मेट मात्र वाढत्या अंगाचे कदापि घेऊ नये. सैल हेल्मेट पडताना डोक्यावर फिरते आणि नको त्या क्षणी निकामी ठरते.

सी. एस. संतोष हे २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय. वाळवंट तुडवण्यात मुरलेल्या या खेळाडूला जानेवारी २०२१ मध्ये त्याच शर्यतीत भीषण अपघात झाला आणि डोक्याला मार लागून त्यांना बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. ते त्यातून सावरले. उत्तम साहित्य, अनुभव आणि तत्पर वैद्यकीय मदत यांची जोड असतानाही हा खेळ काय घेऊ शकतो, हे यावरून दिसते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००० मध्येच सोळा वर्षांखालील मुलांना अशी वाहने देऊ नयेत, असा स्पष्ट सल्ला दिला होता. पालकांनी हा सल्ला न मानण्याचे ठरवले, तरी तो वाचल्याशिवाय ठरवू नये.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर हा खेळ शिस्तीतही वाढतो आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात सुपरक्रॉसच्या लीग स्पर्धेला प्रारंभ झाला, तेव्हा तिच्यात ८५ सीसी गाड्यांचा कनिष्ठ गटही होता. देशातील मोटार क्रीडांचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते आणि स्पर्धेत उतरणाऱ्याला तिचा परवाना घ्यावा लागतो. ज्या मुलाला खरोखर या वाटेने जायचे आहे, त्याच्यासाठी गल्लीपेक्षा कितीतरी चांगली वाट उपलब्ध आहे.

गाडी विकत घेण्यापूर्वी प्रशिक्षण केंद्रातील गाडीवर काही दिवस सराव करणे सर्वांत हिताचे. त्यात मुलाची आवड टिकते की ओसरते, हेही कळते. त्याही आधी एक साधी पायरी आहे: डोंगरी सायकल. पायठ्यांवर उभे राहून तोल सांभाळणे, पुढच्या चाकाऐवजी पुढच्या वळणाकडे नजर ठेवणे, पुढचा व मागचा ब्रेक किती दाबावा याचा अंदाज घेणे ही सारी कौशल्ये सायकलीवर येतात. वर्षभर सायकल नीट न सांभाळणाऱ्या मुलाला इंजिन देण्याची घाई करू नये.

दिल्लीच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. मे-जूनच्या उन्हात कवचे घालून सराव करणे उष्माघाताला निमंत्रण ठरते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवा इतकी दूषित असते, की जोराचा श्वास लागणारा कोणताही खेळ बाहेर खेळू नये असे दिवस येतात. फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी आणि पावसाळा सरल्यानंतरचे थोडे आठवडे हाच खरा हंगाम. येथील बारीक धूळ इंजिनालाही घातक असते. म्हणून प्रत्येक सरावानंतर हवेची गाळणी धुऊन, वाळवून, तेल लावून बसवावी; साखळीचा ताण आणि चाकांचे आरे तपासावेत. ही कामे मुलानेच करावीत. आपल्या हातांनी गाडी पुसणाऱ्या मुलाला तिची क्षमता आणि तिची मर्यादा दोन्ही कळू लागतात.

सरावाच्या वेळी एक प्रौढ व्यक्ती सतत मैदानावर हजर असलीच पाहिजे. लहान मुलांच्या अनेक गाड्यांत वेगावर मर्यादा घालणारा स्क्रू असतो. तो किती सैल करायचा, हे मोठ्यांनी ठरवावे. परंतु वेगाची इच्छा आवरणारा स्क्रू कोणत्याही कंपनीला बनवता आलेला नाही. तो मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आईवडिलांच्या नजरेतूनच हळूहळू मुलाच्या मनात बसतो. ज्या पालकांना आठवड्यातील एक सकाळ त्यासाठी देता येत नाही, त्यांनी गाडीही देऊ नये. त्या परिस्थितीत नकार हाच जबाबदारीचा निर्णय असतो, आणि तो कारणांसह समजावून सांगितला, तर चौदा वर्षांचे मूलही तो समजू शकते.

दोन वर्षे नीट सराव झाला, की एक दिवस मुलाचे गुडघे हँडलला लागू लागतात. गाडी लहान पडते. पैसे वाया गेले, असे तेव्हा एखाद्याला वाटेल. तसे मानण्याचे कारण नाही. ओरखडे पडलेली, पण सांगाडा शाबूत असलेली ती छोटी गाडी दुसऱ्या एखाद्या लहान मुलाच्या घरी जाते आणि तिचा पहिला चालक हातीपायी धड, अधिक उंच आणि अधिक शहाणा होऊन मैदानाबाहेर उभा असतो. पहिली मोटारसायकल योग्य निवडली होती, याचा याहून चांगला पुरावा नाही.